उडवणीचा वारा

महाविद्यालयाच्या चौकशी समितीने आपला निष्कर्ष एका पानात आटोपला होता : "अतिथी विद्वान संध्या गजभिये यांनी जोरदार वाऱ्यातही उड्डाणाचा आग्रह धरल्यामुळे ड्रोन कोसळला व एक ग्रामस्थ महिला जखमी झाली."

वाक्याचे व्याकरण निर्दोष होते, आणि निर्दोष तेवढेच होते. समितीतल्या एकानेही, जिथे अपघात झाला त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाय ठेवला नव्हता. जखमी दुर्गाबाईंना कुणी काही विचारले नव्हते. वाऱ्याचा वेग नोंदवला होता, पण तो मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहराचा आणि सकाळचा. अपघात घडला दुपारी, वीस किलोमीटरवरच्या खेड्यात. आणि 'आग्रह' कशावरून सिद्ध झाला? ड्रोन उडवणारा प्रीतम समितीपुढे गप्प बसला, यावरून. संध्या इतिहास शिकवत असे; 'अतिथी विद्वान' म्हणजे दर वर्षी नव्याने नेमली जाणारी कंत्राटी प्राध्यापक. दुसऱ्याचे मौन गोळा करायचे आणि त्यालाच साक्ष म्हणायचे, ही रीत तिने कितीतरी दप्तरांत पाहिली होती. फक्त या वेळी त्या दप्तरात तिचे नाव होते, आणि जूनमधली पुनर्नियुक्ती या एका पानाखाली दबली होती.

मौन तरी परक्याचे असते, तर तिने सोसले असते.

अपघाताआधी, मे महिन्यातल्या एका कोरड्या सकाळी ती त्या जुन्या तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी, मोजत होती. टेपचे टोक वाऱ्याने पुनःपुन्हा सुटत होते. एकदा ते सुटले, आणि परत आलेच नाही.

"धरू का?... म्हणजे, टेप."

वारासिवनीच्या स्टुडिओतून लग्नाआधीचे चित्रीकरण करायला आलेला तरुण, प्रीतम, टेपचे टोक हातात घेऊन उभा होता.

"जोडपं रातीच भांडलं, मॅडम. येतच नाही म्हणे. आता मी हाव, ड्रोन हाय, अन् तलाव हाय."

"मंग तलावाचंच लग्न लावा."

"हौ, पण नवरी पायजे न..." तो म्हणाला, आणि घाईघाईने ड्रोनची पाती पुसू लागला.

त्यानंतर आठ सकाळी ड्रोन तिच्या मोजमापासाठी तलावावर उडाला. पाळीला मध्यभागी एक हलकेसे वळण आहे, हे तिला वरूनच कळले; कोणत्याही सरकारी ग्रंथात ते नोंदलेले नव्हते. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून तो तळव्याचा आडोसा करी. ती वाकून पाही... आणि दोघेही बराच वेळ तलावाविषयी काहीच बोलत नसत.

"जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं," तो शिकवी, "अन् येताना वाऱ्याले पाठीवर घ्यायचं. उलटं केलं का बॅटरी सरते, घर दूरच राह्यते. अन् खाली पान हालत नाही म्हणून वर वारा नाही, असं समजू नका."

"खोक्यावर त लिहिलं हाय, ताशी अडतीस किलोमीटरचा वारा सोसते."

"सोसते हो! सून सासरी सोसते तसं. सोसणं येगळं, नांदणं येगळं."

"तुमाले काय माहीत? लग्न झालं का तुमचं?"

"झालं असतं त आठ दिवस फुकट उडवला असता का?"

नवव्या दिवशी ते दुपारी आले. तलावाची राखण करणारे म्हातारे डोमाजी सूप घेऊन पाळीवरून पलीकडच्या खळ्याकडे निघाले होते. तिथे त्यांची बायको दुर्गाबाई उन्हाळी धान उडवत, म्हणजे उफणत, होती. डोमाजींनी मूठभर कोंडा हवेत सोडला. तो सात हात दूर जाऊन पडला.

"उडवणीले झकास वारा हाय, बेटा," ते म्हणाले. "तुह्या पाखराले नाही."

प्रीतम हसला. त्याने ड्रोन वाऱ्याच्या पाठीवर घालून थेट पलीकडच्या काठाला धाडला. आठ दिवस शिकवलेला नियम त्याने एका अंगठ्याने मोडला. पडद्यावर जोरदार वाऱ्याच्या इशाऱ्याची लाल अक्षरे आली.

"उतरवा," संध्या म्हणाली. तिची ओढणी उडून त्याच्या मनगटावर पडली. त्याने ती बाजूला केली नाही.

"प्रीतम... उतरवा न."

"हौ. एकच मिनिट."

मग त्याने ड्रोन वळवला; पण तो जागचा हलेना, खुंटीला बांधल्यासारखा. परतीचे बटण दाबताच तो यंत्राच्या नियमाप्रमाणे आणखी उंच चढला, जिथे वारा आणखी जोराचा होता, आणि मागे मागे सरकत गेला. बॅटरी संपली. खळ्याच्या कडेला पडताना त्याच्या पात्याने दुर्गाबाईंचे कोपर चिरले. पाच टाके पडले. प्रीतमनेच त्यांना मोटरसायकलवरून दवाखान्यात नेले. तिथवर तो माणसासारखा वागला होता.

समितीचे पान घेऊन संध्या त्याच्या स्टुडिओत गेली.

"काहून बोलले नाही?"

"मामा म्हणे, लायसन जाईन... स्टुडिओ त्याइचा हाय."

"अन् माही नोकरी?"

"मी तुमाले फोन लावून राह्यलो होतो, चार दिवसांपासून—"

"मले फोन नको. समितीले कागद द्या. नाही जमत, त माह्या समोर येऊ नका." दारापाशी ती थांबली. "तुमी आले असते... त मले आवडलं असतं."

सहाव्या दिवशी समितीने तिला बोलावले. अध्यक्ष खेमराज सरांनी चष्मा काढून एक कागद तिच्याकडे सरकवला.

"मराठी है, मैडम. आप ही पढ़ दीजिए."

इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रीतम भिंतीपाशी उभा होता, नजर फरशीवर. वर्गात जुनी सनद वाचावी तशा कोरड्या आवाजात संध्याने सुरुवात केली. शेवटच्या वाक्यापाशी तो आवाज थांबला, आणि तिने ते वाक्य मान वर करून, त्याच्याकडे पाहत पुरे केले :

"ड्रोन मी उडवत होतो. वारा बरा नाही, हे डोमाजीनं सांगतलं होतं. मॅडमनं दोनदा उतरवा म्हटलं. लाल अक्षरं मले दिसत होती. दुर्गाबाईले लागलं ते माह्यामुळं, वाऱ्यामुळं नाही, मॅडममुळं त नाहीच. काहून नाही उतरवला, ते पण लिहून देतो : त्या दिवशी तलावाचं काम सरत होतं. ड्रोन खाली आला असता त मॅडम घरी गेल्या असत्या, अन् मले त्याइले अजून पाह्याचं होतं."