वरच्या मजल्याचा करार

“उद्या संध्याकाळी येतोय हो, दातवाले!” जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहून बाबा ओरडले.

वरून आवाज आला, “कशासाठी, काका?”

“पत्ते खेळायला!”

“मग आजच या की!”

“आज कसा येणार? कायदा आहे!”

मी स्वयंपाकघरात अंडी उकडत होते. तो बाबांचा शेवटचा साधा दिवस. मला तेव्हा एवढीच काळजी होती की अंडी जास्त उकडू नयेत, आणि हा आरडाओरडा शेजारी जाऊ नये.

घरभाड्याचा नवा कायदा त्याच वर्षी आला होता. घरमालकाने भाडेकरूच्या घरात शिरायचं असेल तर एक दिवस आधी कळवायचं, असं त्यात एक कलम होतं. ते दुरुस्तीसाठी, पाहणीसाठी होतं. मी बाबांना वाचूनही दाखवलं होतं. पण बाबा आयुष्यभर वायरमन. नियमात पळवाट शोधणारा माणूस एक ना एक दिवस शॉक खातो, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे पूर्वी मनात येईल तेव्हा वर जाणारे बाबा आता चहालाही आदल्या दिवशी कळवून जायचे.

“बाबा, पत्त्यांना हा कायदा लागू नाही हो.”

“तू तुझी प्रुफं वाच. कायदा मला कळतो.”

“एवढा कळतो तर लेखी करार का नाही केलात अजून?”

“तो मात्र करायला हवा,” बाबा खुर्चीत बसत म्हणाले. “तोंडी करार म्हणजे उघडी वायर. एकदा बसू आणि करून टाकू.”

जिन्यावर पावलं वाजली. दातवाले दारात उभे होते, हातात रिकामी बरणी. “साखर आहे का थोडी?”

“घरमालकाच्या घरात शिरताना भाडेकरूनेही आधी कळवायचं असतं का?” मी विचारलं.

“कायद्यात नाही तसं,” ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. “मी शोधलं... सापडलं असतं तर साखरेसाठी कालच ओरडलो असतो.”

मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं – आणि बाबांनी घाईघाईने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. उलटं.

ते आमच्याकडे राहायला आले, त्याला एक बारीकशी पावसाची सर कारण झाली होती. आमच्या छज्ज्याखाली ते आडोशाला उभे होते. वर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी बाबांनी लिहिलेली पाटी. मी दार उघडलं, खोलीची माहिती सांगू लागले, आणि लक्षात आलं की हा मनुष्य ऐकत नाहीये. माझ्या तोंडाकडे बघतोय.

“तुम्ही ऐकताय ना?”

“हो... म्हणजे, नाही. माफ करा. तुमचा डावा सुळा—”

“काय झालं त्याला?”

“काही नाही. किंचित वळलाय. फार छान वळलाय.”

मी तोंड घट्ट मिटलं. मागे बाबा मोठ्याने हसले. मग कळलं, की दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते काम करतात. दिवसभर लोकांचे दात घडवायचे, रंग जुळवायचे. “सवय लागते हो,” ते ओशाळून म्हणाले. “माणूस भेटला की आधी दात दिसतात, मग माणूस.” डोळ्यांचं कौतुक होतं, केसांचं होतं. माझ्या वाट्याला सुळा आला होता. मी आत जाऊन आरशात बघितला. खरं सांगायचं तर दोनदा.

बाबांनी त्यांना तिथल्या तिथे खोली दिली, आणि ‘दातवाले’ हे नावही. लेखी काही नाही. “माणूस खोटं बोलत नाही,” एवढंच म्हणाले.

पत्त्यांचं कळवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. चष्मा हातात होता, म्हणजे डोळे मिटून जरा पडावं असंच वाटलं असणार त्यांना. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. मी ते धरून ठेवलं.

दातवाले कारखान्यातून आले तेव्हा दारात माणसं होती. त्यांनी वरून खुर्च्या आणल्या, ओट्यापाशी उभे राहून सगळ्यांसाठी चहा केला. आत्या मला म्हणाली, “हा कोण गं? आपल्यातलाच वाटतो.” मी म्हटलं, “भाडेकरू.” शब्द उच्चारला आणि मलाच टोचला.

मग एक विचित्र गोष्ट झाली. बाबांनी मृत्युपत्रात घर माझ्या नावावर केलं होतं, त्यामुळे मी घरमालकीण झाले, आणि आमचं बोलणं आटलं. आधी ते साखरेला, काडेपेटीला, काही कारण नसताना खाली यायचे. आता उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. “काही आणायचंय का बाजारातून?” नाही. “बरं.” आणि परत वर. मीही वर कधी गेले नाही. जिना मध्ये तसाच होता, पण कोणी वापरत नसल्यासारखा.

एका संध्याकाळी जिन्यावरचा दिवा गेला. मी खुर्ची लावून चढले. वायरमनची मुलगी, दिवा बदलायला कोणाला बोलावणार? ते कामावरून आले, खाली बसले आणि डगमगती खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

“सांभाळून,” ते म्हणाले.

“मला येतं.”

“तुम्हाला येतं. खुर्चीला येत नाही.”

मला हसू फुटलं – इतक्या दिवसांनी, अंधारात, वर हात करून उभी असताना. दिवा लागला. ते वर बघत होते.

“बऱ्याच दिवसांनी दिसला,” ते हळूच म्हणाले.

“कोण?”

“सुळा.”

उतरताना त्यांनी हात पुढे केला. मी धरला. त्यांच्या बोटांना प्लास्टरचा पांढरा भुगा होता, तो माझ्या तळहातावर उतरला. आम्ही जरा जास्तच वेळ तसे उभे राहिलो... मग त्यांनी एकदम हात सोडवला, “येतो मी,” म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. मी हात धुतला नाही लगेच.

दादाचा फोन आला तो त्याच आठवड्यात. दादा लांब राहतो, आणि लांबून काळजी जोरात करतो.

“अगं, वरचा मजला रिकामा करून घे. बाबांचा तोंडी व्यवहार होता. नव्या कायद्यात मालक गेला की वारसाला एक संधी मिळते – जागा स्वतःला हवी असं कळवायचं. ती मुदत गेली की तो माणूस तिथेच.”

“राहू दे की तिथेच.”

“तू एकटी आहेस म्हणून सांगतोय. तुझी वहिनीही तेच म्हणते. उद्या घर विकावंसं वाटलं तर भाडेकरूसकट कोण घेणार?”

“मला नाही विकायचं, दादा.”

“आज नाही. उद्याचं कोणी बघितलंय?”

तो वाईट सांगत नव्हता. म्हणून मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी तेच सांगितलं, फक्त सावकाश. आणि वर एक वाक्य जोडलं: “आत्ता त्यांचं तिथलं राहणं तुमच्या मर्जीवर आहे.”

तुमच्या मर्जीवर. घरी येईपर्यंत ते शब्द माझ्या पायात घुटमळत होते. ते बोलत का नाहीत, हे मला तेव्हा उमगलं. आणि मी का बोलत नाही, हेही. मी उद्या वर जाऊन मनातलं सांगितलं, आणि ते ‘हो’ म्हणाले – तर तो होकार मला की डोक्यावरच्या छपराला, हे मला कसं कळणार? त्यांना तरी कळेल का?

दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी होती. वर सामान सरकवल्याचे आवाज आले. मालकीण झाल्यापासून मी पहिल्यांदा वर गेले, तेही न कळवता. दार उघडंच होतं. जमिनीवर खोकी, त्यांत पुस्तकं, भांडी, आणि खिडकीत रांगेने मांडलेले प्लास्टरचे जबडे.

“हे काय चाललंय?”

ते दचकले. “तुम्ही... या ना. बसा. म्हणजे, कुठे बसणार...”

“कुठे निघालात?”

“कारखान्याजवळ एक खोली बघितलीय. तुमच्या दादांचा फोन... जोरात बोलतात ते, जिन्यात ऐकू येतं हो. तुम्हाला तोंडाने सांगायला लागू नये, म्हणून म्हटलं आपणच—”

“मी तुम्हाला जा म्हणाले?”

“नाही.”

“म्हणणार होते असं वाटलं?”

हातातला जबडा त्यांनी उगीचच उघडला, मिटला. मग म्हणाले, “तसंही इथे राहून मला... काही गोष्टी बोलता येत नाहीत.”

“कुठल्या गोष्टी?”

“भाडेकरूने मालकिणीला बोलू नयेत अशा.” त्यांचे कान लाल झाले होते. “काका असताना धीर झाला नाही. आणि आता बोललो तर लोक म्हणतील, घरावर डोळा आहे. लोकांचं सोडा, उद्या तुम्हालाच एखाद्या वाईट दिवशी तसं वाटलं तर? त्यापेक्षा दुसरीकडे राहीन. मग एखाद्या रविवारी येईन... कळवून.”

खिडकीतले सगळे जबडे दात विचकून माझ्याकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही.

“खोकी उघडू नका,” मी म्हटलं, “पण बांधूही नका. सोमवारी अर्धी रजा घ्या.”

“कशासाठी?”

“एक दिवस आधी कळवतेय ना? मग विचारू नका.”

सोमवारी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. लांबलचक बाकं, भिंतीला हिरवा रंग, खिडकीपलीकडे शिक्के मारणारा एक कंटाळलेला कारकून. वकीलबाई कागद घेऊन तयार होत्या. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “पुन्हा एकदा विचारते. पाच वर्षं तुम्ही त्यांना काढू शकणार नाही. स्वतःसाठी जागा हवी म्हणूनही नाही. त्यांना मात्र एक महिना आधी सांगून कधीही जाता येईल. हा करार सगळा त्यांच्या बाजूचा आहे, बाई.”

“हो. मीच तसा करायला सांगितला.”

“मालक सहसा उलटं सांगतात.”

दातवाले माझ्याकडे बघतच राहिले. “हे का करताय? काकांनी असं काही सांगून ठेवलं होतं का?”

“बाबांनी नाही. मीच. सही करा.”

“पण—”

“सही करा हो. मागे रांग आहे.”

त्यांनी सही केली. मी केली. कारकुनाने शिक्का असा मारला की टेबल हादरलं. वकीलबाई पुढच्या कामाला निघून गेल्या, आणि आम्ही दोघं बाकाच्या टोकाला बसलो. ते करार मांडीवर धरून पुन्हा पुन्हा वाचत होते. जणू प्रुफं तपासून चुका शोधायचं काम माझं नसून त्यांचं होतं.

“आता ऐका,” मी म्हटलं. “नीट ऐका, दाताकडे बघू नका.”

“बरं.”

“आत्तापासून तुमचं वरचं राहणं माझ्या मर्जीवर नाही. मी चिडले, रुसले, तुमचं तोंडही बघायचं नाही म्हटलं, तरी तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. तुम्ही मला नाही म्हणालात, तरी खोली तुमचीच. कळतंय?”

“नाही म्हणालो... कशाला?”

“थांबा. आणि दुसरं. घरावर डोळा आहे असं आता कोण म्हणेल? घर तर तुम्हाला मिळालंच. सही-शिक्क्यानिशी. आता जे काही मागाल ते घरासाठी नसणार.”

त्यांनी करार हळूच मिटला. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. कोणीतरी छत्री झटकत आत आलं आणि आमच्या पायांवर चार थेंब उडाले.

“तुम्ही आधी बोलता की मी बोलू?” त्यांनी विचारलं.

“मालकीण मी आहे,” मी म्हटलं. “आधी मी.”

घरी मी हे वाक्य किती वेळा घोळवलं होतं. आता ते निघेना. डोळ्यांसमोर बाबा आले – त्यांची खुर्ची, उलटं धरलेलं वर्तमानपत्र. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नाही. मी ते कोणालाच म्हणाले नव्हते. रिकाम्या खोलीतसुद्धा नाही. मी श्वास घेतला, आणि हिरव्या भिंतींचं ते कार्यालय, ती रांग, कारकुनाचा अर्ध्यावर थांबलेला शिक्का, सगळ्यांसमक्ष, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले,

“मला तुम्ही आवडता. बाबा होते तेव्हापासून आवडता. त्यांना सांगायचं राहून गेलं... तुम्हाला सांगतेय.”