सरका, गरम येतंय

किटली चढवून हिल्डिंग ओढ्यावर पाणी आणायला गेलाय, तोवर सांगून टाकतो. तो आला की विषय बंद. त्याच्यासमोर हे काढलेलं त्याला खपत नाही. तूवा, आगीत दोन ढलप्या सार. मेल्विन, तू पायवाटेकडे लक्ष ठेव, कंदील दिसला की खाकर.

गेल्या सालचा सप्टेंबर. अकरा तारीख, गुरुवार. हीच छपरी, हीच आग. सकाळी आमच्या टोळीला मूसचा नर मिळाला होता, शिंगं दोन हात रुंद. तो घेऊन आम्ही बाकीचे गावात उतरलो. वर राहिले दोघेच भाऊ, हिल्डिंग आणि धाकटा एडोर. मी इथं नव्हतो, आधीच सांगतो. पण अर्धं मला एडोरनं सांगितलंय आणि अर्धं हिल्डिंगनं, एकदाच, पोटात दारू असताना. दोन्ही जुळतं.

तीस वर्षं आमची चूल हिल्डिंगच सांभाळतो. त्याच्या कॉफीचं तंत्र तुम्ही बघताच. काळी किटली, जाडी पूड, तीन उकळ्या, मग गाळ बसू द्यायचा आणि कपात चीजचे तुकडे. घाई करणाऱ्यानं शिव्या खायच्या. आणि एक नेम होता. उकळतं पाणी जमिनीवर ओतायच्या आधी काठीनं तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "सरका, गरम येतंय!" जमिनीखालच्या मंडळींना. त्यांचीही घरं असतात, पोरंबाळं असतात. आईनं शिकवलेलं त्याला. एडोर खिदळायचा, "दादा, नुसतं सरका काय म्हणतोस? वर बोलव की जेवायला!" हिल्डिंग म्हणायचा, "हस तू. ठोकायला आपल्या बापाचं काय जातंय?"

तर त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला एडोरनं एका मादीवर गोळी झाडली. लागली, पण पोटात. जनावर रक्त गाळत गोसमिरनच्या दलदलीत शिरलं. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एडोर छपरीत आला तो भिजलेला, दात वाजतायत. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. बटाटे शिजत होते, किटली नुकतीच चढली होती.

"एक कप घेतो आणि निघतो," एडोर म्हणाला.

"जनावर तिकडे आतडी ओढत चाललंय, आणि तुला कॉफी सुचतेय?" हिल्डिंग उसळला. "आंधळ्यासारखी गोळी घालतोस! आधी निस्तर, मग गीळ."

 एडोरनं आपल्या कुत्रीला हाक मारली, बॅटरी घेतली आणि गेला.

पोरांनो, आमच्यात भांडणं होतात, एकमेकांच्या सात पिढ्या काढतो आम्ही. पण आगीपाशी आलेल्याला कॉफी नाकारायची नाही. असं कुणीच कधी केलं नव्हतं. हिल्डिंगलाही ते तेव्हाच लागलं. एडोरची पाठ दिसत होती तोवर हाक मारता आली असती. नाही मारली. राग नाकाच्या शेंड्यावर. त्याच रागात त्यानं बटाट्याचं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी भस्सकन तिथं ओतलं. तिथं, आत्ता मेल्विन बसलाय त्याच्या पायाशी.

ठोकलं नाही. बोलला नाही.

खालून कुणीतरी ओरडलं. लहान मूल भाजल्यावर ओरडतं, तसं. एकदाच.

ओलं लाकूड चिरकलं असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. सात वाजून गेले होते, अंधार पडला होता. त्यानं ठरवलं, एडोर आला की पहिला कप त्याच्या हातात द्यायचा आणि माफी मागायची. मोठा भाऊ असलो म्हणून काय झालं! त्यानं आग मोठी केली आणि किटलीपाशी बसला. अर्धा तास झाला. किटली गप्प. जाळ किटलीच्या गळ्यापर्यंत, आणि वाफ नाही. झाकण काढून बोट घातलं...

बर्फ.

वायरलेसवर एडोरला हाक मारली, तर नुसती खरखर. आठ वाजून दहा मिनिटांनी कुत्री आली. एकटी. दोरी मागे लोंबत होती. आगीजवळ येईना. त्या ओल्या जागेकडे बघून कण्हायला लागली.

हिल्डिंग मला म्हणाला, "उभ्या आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो रे." आई मरताना तिनं धाकट्याचा हात त्याच्या हातात दिला होता, आणि त्यानं त्याला उपाशी दलदलीत धाडलं होतं. तो बॅटरी घेऊन काठापर्यंत धावला.

"एडोर!"

काही नाही.

"एडोर, ये रे! कॉफी ठेवलीय!"

मग आवाज आला. "दादा... गार लागतंय..."

समोरून नाही. दलदलीतून नाही.

मागून. छपरीकडून.

खालून.

तो परत कसा आला, त्याला आठवत नाही. ओल्या जागेवर गुडघे टेकले. काठीनं ठोकलं. तीनदा. "चुकलो," म्हणाला. "माझ्या रागाची शिक्षा त्याला नका देऊ. त्याला सोडा. ऊब हवी असेल तर माझी घ्या." आणि उजवा तळहात जमिनीवर ठेवला.



कुत्रीचं कण्हणं थांबलं.

मग जमिनीनं हात धरला.

किती वेळ, कोण जाणे. त्याच्या पाठीमागे किटली उतू गेली. एकदा. थांबली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

आणि झाडीतून एडोर आला. छातीपर्यंत चिखल, ओठ निळे. "झाली का कॉफी?" म्हणाला. हिल्डिंगनं त्याला मिठीच मारली आणि ढसाढसा रडला. एडोर छातीपर्यंत रुतला होता, तासभर. हाका मारून घसा बसलेला. मग म्हणे एकाएकी पायांच्या तळव्यांना ऊब लागली, आणि कुणीतरी खालून वर ढकललं. त्यानंतर एडोर शिकारीला आलेला नाही. नातवंडं खेळवतो, मजेत आहे.

काय रे खाकरतोस? अच्छा, आला. गप्प बसा आता.

ये हिल्डिंग, काही नाही, एडोरच्या नातीच्या बारशाचं बोलत होतो. उतरव बाबा किटली, तिसरी उकळी आली. हं, ठेव इथं दगडावर.

मेल्विन, तू कशाला मध्ये... अरे, दांडीला हात लावू नको! भाजलं ना? फोड येणार आता. जा, ओढ्यात हात बुडव जा.

आणि तूवा, तू अशी टक लावून त्याच्या हाताकडे बघू नकोस. हो, तीच दांडी. तोच उघडा हात. मलाही दिसलं.

घे, तो कप देतोय. घेताना बोटं लागतील. दचकू नकोस, त्याला वाईट वाटतं.

गार असतात.