डाळिंबी देलाहाये

सर आली तशी सोलेन हातातली कॉफी तिथेच ठेवून धावत सुटली. गाडी उघडी होती! दिनार गावच्या समुद्रावरचा पाऊस, त्याचा काय भरवसा... आणि आतल्या सीटांचं कोवळं कातडं तिनं स्वतः शिवलेलं, अख्खा हिवाळा डोळे फोडून.

जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली होती त्या हिरवळीवर पोचली आणि थबकली. कुणी अनोळखी तरुण शेजारी उभा राहून भलीमोठी छत्री धरून होता — गाडीवर. स्वतः मात्र नखशिखांत भिजत.

"अहो, तुम्ही भिजताय!"

"मी वाळतो. कातड्याला डाग पडतात."

सोलेनला हसूच फुटलं. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. दोरी बांधताना बोटांना बोटं लागली... आणि नीट बसलेली गाठ दोघांनी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"तुमची गाडी?"

"बाबांची. ही देलाहाये आणली तेव्हा आत कोंबड्या अंडी घालत होत्या! इंजिन त्यांनी उभं केलं. शिवण माझी."

"मी लोइक. ती पलीकडची निळी गाडी, देलाज, आमची. म्हणजे आज आपण वैरी."

"वैऱ्याच्या गाडीवर कुणी छत्री धरतं का?"

"गाडीवर कसला राग! मालकिणीवर धरावा म्हटलं, तर..." तो तिच्याकडे बघतच राहिला. "तेही जमेना."

सोलेननं ओले केस कानामागे सारले. कान गरम झाले होते.

पाऊस जसा आला तसा गेला. ताडपत्री काढली तेव्हा त्या डाळिंबी रंगावर असं काही ऊन खेळलं की लोक चालता चालता थांबले. थेंबासारखे निथळते मडगार्ड, लांबलचक बॉनेट... नव्वदीला टेकलेली गाडी, पण नवरीसारखी उभी!

तेवढ्यात सोलेनचे बाबा, एर्वे, लंगडत आले. ओल्या गवतावर पाय घसरला होता. उजवं मनगट पावासारखं फुगलं होतं.

"संपलं, पोरी. परीक्षकांपुढे न्यायची कुणी आता? हात उचलत नाही माझा."

"मी नेते ना, बाबा."

"तू? ही काय बाजारात न्यायची गाडी आहे? पुढचा चढ बघितलास? फरशी ओली आहे!" एर्वेंची नजर लोइककडे वळली. "तुम्ही देलाज चालवता ना? मघाशी पाहिलं मी. घ्या ही चावी."

 सोलेन लोइककडे बघू लागली. घेतोय की काय हा...

लोइकनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नको, काका. मी चालवली तर बक्षीस मिळेलही. पण मग यांच्या डोळ्यांत बघायची सोय राहणार नाही माझी."

सोलेननं पुढे होऊन बाबांच्या हातातून चावी घेतली. अलगद, पण घेतली.

"बाबा, तुम्ही दर शनिवारी मासळीबाजारात जाता, तेव्हा ही अंगणात मागेपुढे कोण करतं?"

"कोण?"

"मीच! दोन वर्षं झाली."

"तरीच!" एर्वेंनी डावा हात कपाळावर मारला. "तरीच ही भिंतीला चिकटून उभी असायची. मला वाटायचं, मीच तशी लावतोय, म्हातारा झालो!"

आणि ते हसले. हसता हसताच त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. सुकाणूजवळची इवलीशी गिअरची काडी सोलेननं हलकेच सरकवली. चढ आला, त्यावरचं वळण आलं. बॉनेट एवढं लांब की रस्ता दिसेना, समोर नुसता समुद्र!  तिनं अंदाजानं सुकाणू फिरवलं. सायीतून सुरी फिरावी तशी गाडी वळली आणि वर परीक्षकांच्या चौथऱ्यापुढे येऊन उभी राहिली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छपरांवरचे समुद्रपक्षी उडाले. कठड्याला टेकून एर्वे ओरडत होते, "माझी लेक! अहो, ती माझी लेक!"

पहिलं बक्षीस डाळिंबी देलाहायेला गेलं. निळी देलाज दुसरी. सगळ्यांत मोठी शीळ निळ्या गाडीतून आली.

विजेत्यानं मैदानाला एक फेरी मारायची, सोबत एकाला घेऊन. एर्वेंनी मान हलवली. "मी नको. मला लांबून बघू दे." सोलेननं शेजारचं दार उघडलं आणि लोइककडे पाहिलं. तो दोन ढांगांत येऊन बसला.

बँड जोरात वाजत होता.  अर्धं मैदान झाल्यावर लोइक हळूच काहीतरी बोलला.

"काय? ऐकू येत नाही!"

"म्हटलं... मला तुम्ही आवडता."

"मोठ्यानं!"

"मला तुम्ही फार आवडता!" लोइक ओरडला, आणि नेमका त्याच वेळी बँड थांबला. पहिली रांग खो खो हसली. एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. लोइकचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

सोलेन समोर बघत गाडी चालवत होती. गालावरची खळी मात्र लपेना.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

"मग...?"

"मग काय! तूही आवडतोस मला." तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "परत ऐकावंसं वाटलं, एवढंच."

बाहेर जायची कमान आली, तरी गाडी हळू होईना. "बाई, फेरी एकच असते!" कर्ण्यावरून निवेदक ओरडला.

सोलेननं कमान बाजूला सोडली आणि गाडी पुन्हा मैदानाकडे वळवली.