दोन डब्या आणि टिर्झाचा नवस

त्या वर्षी ओंटारियोत काडतुसांचा असा दुष्काळ पडला, की हरणं रस्ता ओलांडताना गाडीवाल्यांना खुशाल हात करायची. खोटं वाटतं? मग तिथल्याच लंडन गावाजवळच्या त्या गन शोला तुम्ही नव्हतात. मी होतो. टेबलांवर बंदुका कुलपं लावून झोपवलेल्या, आणि गोळ्यांच्या जागी विणलेले मोजे नि मेपल सिरप! कुठे चुकून एखादी डबी दिसलीच, तर तिचा भाव इतका चढलेला की विक्रेता स्टुलावर उभा राहून किमतीची चिठ्ठी बदलत होता.

अशाच एका पांढऱ्या दाढीवाल्याकडे ट्वेंटी-टू बंदुकीच्या गोळ्यांच्या शेवटच्या दोन डब्या होत्या. गंधारने त्यांवर हात ठेवला, आणि त्याच्या हातावर दुसरा हात पडला... बारीक बोटं, थंडीने लाल झालेली.

गंधार माझा शेजारी. मूळचा नागपूरचा, मिसिसागात सॉफ्टवेअरमध्ये. त्याने लायसन्स दाखवून पैसे भरले, वर मित्राला फोनही लावला.

“क्षितिज, मिळाल्या रे! पण एक कुरळ्या केसांची पोरगी डोळे वटारून बघून राहिली. इटालियन असेल... सुंदर आहे बे, पण डब्या देणार नाही म्हणजे नाही.”

“नका देऊ,” ती पोरगी म्हणाली. “पण इटालियन कशाला करता? आमचं गाव अलिबागजवळ.”

फोन खिशात गेला. कान लाल झाले.

“तुम्ही... मराठी?”

“टिर्झा. बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आणि ‘सुंदर’ जरा हळू म्हणा, दाढीवाला आणखी भाव वाढवेल.”

दोघांनाही पुढच्या रविवारी प्रांताच्या टीमच्या निवडीसाठी नेम धरायचा होता. आणि बंदुकीचं पोट फार नाजूक असतं बरं! एकाच कंपनीची, एकाच घाण्यातली गोळी तिला मानवते; दुसरी भरवली की रुसते. या दोघांच्या बंदुकांना नेमकी त्याच डब्यांतली गोळी आवडायची. डबीत पन्नास, मॅचला साठ. एकेक वाटून घेतली तर दोघंही उपाशी. म्हणजे एकाने घरी बसायचं.

“डब्या तुमच्या आहेत,” टिर्झा म्हणाली. “माझं हे तिसरं वर्ष. दोनदा थोडक्यात हुकले... असो.”

गंधारने डब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“असं ‘असो’ म्हणू नका ना. नाण्यावर ठरवू?”

“टॉस?”

“छे! नळीवर.”

गोळ्या नसल्या की नेमबाज असाच सराव करतात. रिकाम्या बंदुकीच्या नळीवर नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं की हरलात.

दुपारी आम्ही टिर्झाच्या बेसमेंटमध्ये. तिची आई चहा घेऊन खाली आली.

“गन शोहून आल्यापासून गालात हसतेय. आमच्या एलियाहू हन्नबीला कसला तरी नवस बोललीय म्हणे. सांगेल तर शपथ!”

“टीमचा असणार, मावशी,” गंधार म्हणाला.

टिर्झा चहात बघत राहिली.

एकच बंदूक, एकच नाणं, आळीपाळीने चाप. नाणं काही पडेना. वारा लागू नये म्हणून मी श्वास रोखला, तो अजून पुरता सुरू झालेला नाही. शेवटी गंधारची पाळी आली आणि टिर्झा त्याच्या कानाशी वाकली.

“फोनवर म्हणालात ना... ते मला आवडलं हं.”

ठण्!

“ही चीटिंग आहे!”

“मॅचमध्येसुद्धा मागचे लोक खोकतात,” ती म्हणाली आणि डब्या उचलल्या.

रविवारी गंधार थर्मास घेऊन तिच्या मागे उभा होता. खोकला नाही. टिर्झा सुंदर खेळली... आणि एका नंबराने हुकली.

पार्किंगमध्ये पावसाचा बर्फ होत होता. तो तिच्या केसांत अडकत होता, वितळत होता. गंधारने चहा ओतला.

“खूप वाईट वाटतंय?”

“खूप,” तिने बाहीने नाक पुसलं. “शनिवारी संध्याकाळी या. शब्बाथ सुटला की घरी मलिदा आहे.”

“मलिदा?”

“गोड पोहे, खोबरं, फळं. नवस फळला की करतो आम्ही.”

गंधारचा कप वाटेतच थांबला.

“पण टीम तर... मग फळलं काय?”

“टीमचा नवस होता, असं कोण म्हणालं?”

“मग कसला?”

“तू...” ती अडखळली. “तुम्ही टेबलापाशी कान लाल करून उभे होतात ना, तेव्हा बोलले.”

“तूच म्हण. काय बोललीस?”

टिर्झाने वाफेआडून पाहिलं.

“गोळ्या गेल्या तरी चालतील... हा परत भेटू दे.”

आठवडाभर गंधारने ते नाणं खिशात जपलं होतं. आत्ताही ते त्याच्या मुठीत होतं. मूठ सुटली, आणि नाणं ठण्कन डांबरावर पडलं.

“या वेळी मी कानात काही बोलले नाही हं,” टिर्झा म्हणाली.

“हरलो,” गंधार म्हणाला. “पोहे भिजवायला किती वाजता येऊ?”