सैल ठेवलेला बोल्ट

चढाच्या मधोमध गाडीनं मान टाकली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ब्रेक सोडू नका, नाहीतर माझ्या अंगावर याल!"

"यायची हौस नाही मला," खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली.

ती दातांची डॉक्टर. गाडी बाबांची. बाबा नुकतेच गेले होते, आणि चढाच्या वर आई एकटी राहत होती.

मागून धक्का देणारा निघाला गॅरेजवाला.

"इंजिन खोलावं लागेल," बॉनेट उघडून तो म्हणाला. "नवं परवडत नसेल तर यातच जोर वाढवू. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलू, हवा आत जायच्या वाटा आतून गुळगुळीत करू. फक्त एवढं बारीक कोरायचं हत्यार नाही माझ्याकडे..."

"माझ्याकडे आहे. दात कोरायचं."

मग दवाखाना बंद केला की ती गॅरेजात. तिचं यंत्र सूंऽऽ करायचं, तो टॉर्च धरायचा.

"विचारा तरी गाडीला, दुखतंय का," तो म्हणायचा.

"तोंड मिटा. नाहीतर तुमचंच घेईन कोरायला."

"घ्या ना—"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल.

इंजिन जोडायची वेळ आली तसे तिचे हात रेंगाळले.

"आवाज बदलेल ना?"

"बदलेल. का हो?"

"बाबा वळणावर आले की खडखड ऐकू यायची. बेल वाजायच्या आत आई दारात..."

त्यानं वाकून गाडीखाली नजर टाकली.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. दमदार, आणि परकं. ती ओठ दाबून बसली. तो शेजारी बसला, गाडी रस्त्याला लागली, आणि पायाखालून आली... खडखड!

"हे कसं?"

"इंजिनाची नव्हतीच ती. सायलेन्सरवरच्या पत्र्याचा एक बोल्ट सैल आहे."

"आवळायचा राहिला?"

"राहिला नाही... ठेवला. गाडीला धोका नाही. पण मधूनमधून बघावा लागेल. मलाच."

किती दिवसांनी ती हसली, डोळे भरलेले असताना. चढ कधी सरला कळलंच नाही.

वर आई आधीच दार उघडून उभी होती.

"आवाज ऐकला गं... आणि हे कोण?"

"इंजिनाचे डॉक्टर," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, हळूच — "आता येत जातील."