नव्या गाडीचा वास

"गाडी नवी आहे, वास येणारच," दीपककाका म्हणाला. घोटी सोडल्यापासून हे त्याने तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

मागे बसलेल्या सायलीने हेल्मेटची काच वर केली आणि पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. "नव्या गाडीला जळका वास येतो?"

"इंजिन रुळतंय अजून. तुला नाही कळायचं."

सातवीतल्या सायलीला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, असं काकाचं ठाम मत होतं. त्याला स्वतःला मात्र सगळं कळायचं. पाडव्याला गाडी घरी आली, पूजा झाली, हेडलाइटवर झेंडूचा घसघशीत हार चढला. त्याचे दोन्ही पदर पार इंजिनापर्यंत लोंबत होते. आज रामनवमीची सुट्टी, म्हणून वनोद्यानात फिरायचा बेत होता. आठ दिवसांत हार वाळून पापडासारखा कुरकुरीत झाला होता. पण निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, आणि नाशिक रोडहून गोदावरीपर्यंत जायला काकाला अजून सवड मिळाली नव्हती. "जंगलात ओढा असेलच की. तिथे सोडू," असं म्हणून स्वारी हारासकट निघाली होती.

मागून शाहनवाजमामूंची जुनी गाडी येत होती. त्यांच्या पाठीमागे त्यांची भाची अफिफा, म्हणजे सायलीची वर्गमैत्रीण.

वनोद्यानाच्या फाटकापाशी अफिफा उतरली ती हसतच. "सायली, मामूंचा शर्ट बघ. सकाळी पांढरा होता."

मामूंच्या छातीवर काळे काळे ठिपके पडले होते. "तुमच्या मागे राहिलो की हे उडून येतं," मामू म्हणाले. "दीपकभाई, गाडीत कोळसा घालता का?"

काकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

फाटकावर भागीबाई उभी होती. खाकी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लांब दांड्याचा खराटा. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलं की वणव्यावर नजर ठेवायचं काम तिच्याकडे असायचं. "माचिस, बिडी, लायटर?" तिने विचारलं.

"आम्ही निर्व्यसनी माणसं," काका छाती फुगवून म्हणाला.

"मंग गाडी खडीवर लावा. गवतात नाय."

मामूंनी मुकाट्याने खडीवर लावली. काकाने मात्र तिची पाठ वळायची वाट पाहिली आणि गाडी हळूच ढकलत पळसाच्या सावलीत, गुडघाभर वाळक्या गवतात नेली. "उन्हात सीट तडकते," तो कुजबुजला.

चौघं डोंगर चढू लागली. पळस लालभडक फुलले होते, काका प्रत्येक झाडाचं नाव चुकीचं सांगत होता आणि अफिफा ते तितक्याच गंभीरपणे दुरुस्त करत होती. पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच खालून शिट्टी वाजू लागली. एकसारखी, जीव तोडून.

पळसापाशी धूर होता.

ते धापा टाकत खाली पोचले, तोवर भागीबाईने ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली होती. दोन खोल्या मावतील एवढी जमीन काळी पडली होती. तिचे हात कोपरापर्यंत काजळले होते. काकाची गाडी तिने आधीच ढकलून खडीवर आणली होती, म्हणून ती वाचली. काकाने गाडीकडे धाव घेतली. भागीबाईकडे बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि सायलीला त्याचा मनापासून राग आला.

एवढ्यात वनरक्षक यादवसाहेब आले. त्यांनी जळलेली जागा पाहिली, मग तीस पावलांवरचं मोहाचं झाड पाहिलं. झाडाखाली पाचोळ्याचा ढीग होता.

"भागीबाई, मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून पाला पेटवलात ना? ज्यांनी आग राखायची त्यांनीच लावायची?"

"म्या नाय पेटवत, साहेब. झाडते फक्त. गाडी गवतात व्हती, तिथंच पेटलं."

"बंद गाडी होती," काका घाईघाईने म्हणाला. "किल्ली माझ्या खिशात. बंद गाडी कशी पेटवेल?"

साहेबांना ते पटलं. "शिट्टी आणि जाकीट ठेवा इथे. उद्यापासून येऊ नका."

भागीबाईने शिट्टीची दोरी गळ्यातून काढली आणि जाकिटाची घडी घालून त्यावर ठेवली.

"अफिफा, मोहाखालचा ढीग तर तसाच आहे," सायली हळूच म्हणाली. "मधलं गवतही जळलेलं नाही."

"आणि हार बघ," अफिफा म्हणाली. "उजवा पदर अर्धाच उरलाय."

सायली वाकली. अर्ध्या पदराचं टोक काळं पडलं होतं, आणि तो जिथे लोंबत होता तिथेच इंजिनातून सायलेन्सरची नळी बाहेर पडत होती. जळका वास, मामूंचा शर्ट, सगळं एका ओळीत उभं राहिलं. पण नुसतं सांगून काका ऐकणार नव्हता. त्याला तर सगळं कळत होतं!

"काका," ती गोड आवाजात म्हणाली, "गाडी वाचली. साहेबांबरोबर एक फोटो काढू. गाडी चालू ठेव, रुबाब दिसेल."

फोटो म्हटल्यावर काका नाही म्हणणार? तो गाडीवर बसला. हार नीट करण्याच्या मिषाने सायलीने शाबूत डावा पदर उजवीकडे, नळीवर सोडला. अफिफा पाण्याची बाटली उघडून जवळ उभी राहिली.

"जरा रेस दे. अजून. साहेब, थोडं इकडे. काका, हनुवटी वर."

पाच मिनिटं झाली. मग सायली म्हणाली, "आता बंद कर. किल्ली खिशात ठेव."

काकाने तसं केलं. तेवढ्यात साहेबांनी नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"गाडी नवी आहे, वास ये..." काका मध्येच थांबला. बंद गाडीवर हाराचा पदर धुमसत होता. एक लालबुंद झेंडू सुटून खडीवर पडला आणि तिथेही धुमसत राहिला. अफिफाने बाटली उपडी केली.

काकाचे कान लाल झाले होते.

"साहेब, चूक माझी आहे," शेवटी तो म्हणाला. "बाईंनी गवतात लावू नका सांगितलं होतं." मग तो भागीबाईकडे वळला. त्याने हात जोडले.

साहेबांनी स्वतःच्या हाताने शिट्टी आणि जाकीट परत दिलं. "मीही न बघता बोललो, भागीबाई. या पोरींनी माझे डोळे उघडले. शाब्बास गं!"

"पोरी लय हुशार," भागीबाई म्हणाली आणि तिने दोघींच्या गालांवरून हात फिरवला. दोघींचे गाल काळे झाले.

काकाला शिक्षा मिळाली, संध्याकाळपर्यंत भागीबाईबरोबर पाचोळा झाडायची. उरलेला हार ओढ्यात सोडायला तो निघाला, तर तिने अडवलं. "पाण्यात नगं. आमी तेच पितो." तिने मोहाच्या बुंध्याशी खड्डा केला आणि फुलं मातीत पुरली. मामूंनी काकाचे खराटा धरलेले अकरा फोटो काढले.

ऊन उतरता उतरता फाटकावर आणखी एक कोरी करकरीत गाडी आली. हेडलाइटवर झेंडूचा हार.

भागीबाई पुढे झाली. "माचिस, बिडी, लायटर?"

"काही नाही, मावशी."

ती पुढे बोलणार, तोच घामाघूम झालेला दीपककाका खराटा घेऊन पुढे आला. "आणि हार?" त्याने दरडावून विचारलं. "तो उतरवा आधी. गाडी नवी आहे, तुम्हाला नाही कळायचं."