यादीतलं तिसरं नाव

दुपारी साडेबाराच्या सुमारास अभिमन नाना स्टुलावर चढले, टीव्हीच्या वरच्या फळीवरचा राऊटर उलटा केला आणि त्याच्या बुडाशी चिकटवलेली चिठ्ठी चष्मा पुसून पुसून वाचली. त्यावरचे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले. काम तसं किरकोळ होतं. पण त्या घरात पोर नव्हतं की थोर नव्हतं, एकटे नानाच होते, तेव्हा करायचं त्यांनाच होतं.

वैशाखात पारोळ्याला बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माणसं दारं लोटून कूलरसमोर पडून असतात. रात्रीला लोक उगाच भितात. रात्री निदान कुत्री भुंकतात, कुणी खोकतं, कुणाचं पोर रडतं. भर दुपारी तेही नाही. नानांच्या डाव्या हाताला मोकळा प्लॉट, उजव्या हाताला कौतिक आबांचं घर, आणि आबा महिनाभरासाठी लेकीकडे नरडाण्याला गेलेले. वीज गेली आणि कूलरची घरघर थांबली की नानांना घर खायला उठायचं.

पुष्पाबाई, म्हणजे नानांची बायको, दिवाळीनंतर गेली. मुलगा ललित, सून ज्योती आणि पाच वर्षांची नात रूपा जर्मनीत. रोज दीड वाजता ललितचा व्हिडिओ कॉल यायचा, दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांसाठी नाना सकाळी दाढी करायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालायचे. घर स्लॅबचं, आत मोबाईलला रेंज नाही, सगळा भरवसा वायफायवर. आणि सोमवारपासून नेमकी ती दहा मिनिटंच तुटायला लागली होती. रूपाचं तोंड उघडलेलं दिसायचं, आवाज यायचाच नाही. नाना तसेच फोन धरून बसायचे, कॉल बंद झाल्यावरही.

बुधवारी ललित वैतागला. "नाना, घरमा आखो कोन वापरस वायफाय?"

"आखो कोन ऱ्हाई? मी एकलाच शे."

"मंग मी सांगस तशी यादी उघाडा."

आता यादी म्हटल्यावर नानांना हुरूप आला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली अजून आलीच नाही, हे सगळं त्यांच्या बोटांवर असायचं. राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली तेव्हा त्यांना ती फलाटावरच्या फळ्यासारखी ओळखीची वाटली. पहिला त्यांचा फोन. दुसरा टीव्ही. आणि खाली तिसरी ओळ.

"तिसरानं नाव नही," नाना म्हणाले. "नुसतं 'अननोन' लिखेल शे."

"कोन्ही तरी फुकटन्या शे. चॅनेल बदला नि पासवर्डबी बदली टाका."

चॅनेल आपोआप होतं, ते नानांनी ललितच्या सांगण्यावरून सहावर नेलं. मग नवा पासवर्ड घातला. कुणाला सांगितला नाही, वहीतही लिहिला नाही, जुन्या शिवशाही गाडीचा नंबर होता तो. राऊटरचे दिवे विझले, पुन्हा लागले. नानांचा फोन जोडला गेला, टीव्ही जोडला गेला. नानांनी यादी उघडली. दोनच नावं. ते समाधानाने हसले, आणि हसता हसताच तिसरी ओळ खाली हळूच उमटली.

भीती त्यांना वाटली नाही, खोटं कशाला सांगा. उलट त्या दिवशी संध्याकाळी त्यांना जरा बरंच वाटलं. आपल्याखेरीज घरात कुणीतरी आहे, हे तब्बल सहा महिन्यांनी कुठेतरी लिहिलेलं दिसत होतं. रोजचा डबा पोचवणाऱ्या कुंदाबाईंनी आणून दिलेला डबा उघडताना त्यांनी फोन समोर ठेवला आणि गमतीने विचारलं, "काय रे फुकटन्या, जेवना का?" मग स्वतःशीच हसून जेवले. यादीत प्रत्येक ओळीपुढे रेंजच्या काड्या होत्या. नाना राऊटरखालीच बसले होते, तरी त्यांच्या फोनपुढे चार काड्या होत्या. तिसऱ्यापुढे पाच होत्या. म्हणजे जो कोण होता तो त्यांच्यापेक्षाही राऊटरच्या जवळ होता. नानांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. फळीवर राऊटर होता, आणि भिंत होती. कुठूनतरी नव्या मडक्याचा, ओल्या मातीचा वास आला. आखाजीची घागर अजून कोपऱ्यात भरून ठेवलेली होती, तिचाच असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

पण त्या आखाजीचं जरा सांगायला हवं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, रविवारी झाली. पुष्पाबाई गेल्यानंतरची पहिली. खान्देशात त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात. निखाऱ्यावर घास ठेवायचा आणि एकेकाचं नाव घेऊन त्याला जेवायला बोलवायचं. नानांनी सगळं एकट्याने मांडलं. गच्चीत गोवरी पेटवली, वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मग बायकोची पाळी आली आणि नाव तोंडातून निघेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला नावाने कधी हाक मारलीच नव्हती. 'ललितनी माय' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'आयकस का'. घास हातातच राहिला. तो त्यांनी तसाच निखाऱ्यावर टाकला, मुक्याने, आणि खाली येऊन पडून राहिले.

त्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. त्यांच्या घरात आगारीनंतर एक घास उंबरठ्याबाहेर ठेवायची रीत होती, ज्यांचं नाव घेणारं कुणी उरलेलं नाही अशांसाठी. नानांची आई सांगायची, "बिननावाना भायेरच जेवाडाना. त्याले घरमा लेवानं नही, नि नाव तर देवानंच नही. एक नाव भेटनं का मंग तो घरना सम्दास्ना नावं मांगस." तो घास दरवर्षी पुष्पाबाई ठेवायची. यंदा कुणीच ठेवला नाही.

गुरुवारी ललितने सकाळीच मेसेज करून पुढची कृती पाठवली. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक नंबर असतो, गाडीच्या चेसिस नंबरासारखा. पासवर्ड कितीही बदला, तो बदलत नाही. राऊटरच्या बुडाशी लिहिलेला आकडा घालून ॲडव्हान्स्डमध्ये जायचं, तिथल्या वायरलेस फिल्टरमध्ये, म्हणजे गाळणीत, त्या तिसऱ्याचा नंबर टाकायचा आणि त्याला मनाई करायची. 'नावाच्या रकान्यात काहीही टाका,' ललितने लिहिलं होतं, 'रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नाही.'

म्हणून नाना साडेबाराला स्टुलावर चढले होते. खाली उतरून त्यांनी पान उघडलं. नंबर दोनदा ताडून घातला. मग नावाचा रकाना आला आणि बोट थांबलं.

काय लिहावं? 'चोर' लिहिता आलं असतं. 'फुकट्या' लिहिता आलं असतं. कूलरचा पंखा फिरत होता, बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, आणि दोन खोल्यांत त्यांच्या श्वासाशिवाय काही हलत नव्हतं. नानांना एकाएकी तिची फार आठवण आली. रविवारी जे तोंडातून निघालं नाही ते बोटांतून निघालं. त्यांनी लिहिलं, पुष्पा.

यादीतल्या तिसऱ्या ओळीवर लगेच ते नाव आलं. नाना बराच वेळ बघत राहिले. अभिमन, टीव्ही, पुष्पा. भरलेलं घर वाटलं.

खाली दोन गोल होते. पहिल्यापुढे, यादीतल्यांना मनाई. दुसऱ्यापुढे, यादीतल्यांना मुभा. दाबायचा पहिला, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. पण पुष्पाला मनाई असं करायला हात धजेना. तिला या घरात कुणी कधी मनाई केली होती? काय बिघडतं, त्यांच्या मनात आलं, राहू दे एक कोपऱ्यात. ललितला सांगू, केलं म्हणून. त्यांनी दुसरा गोल दाबला आणि जतन केलं.

एसटीत एवढी वर्षं काढूनही त्यांच्या लक्षात आलं नाही की मुभेची यादी केली म्हणजे यादीत नाहीत ते सगळे बाहेर. आणि त्या यादीत नाव एकच होतं.

राऊटरचे दिवे विझले, लागले. नानांच्या फोनवरची वायफायची खूण गेली. टीव्हीवर जोडणी नाही असं आलं. पान पुन्हा उघडायला गेले तर उघडेना. पासवर्ड घातला, घेतला नाही. पुन्हा घातला. फोन म्हणाला, या नेटवर्कला जोडता येत नाही. स्वतःच्या घरात ते परके झाले होते आणि फळीवरचा हिरवा दिवा मात्र भराभरा लुकलुकत होता. कुणीतरी आत काहीतरी जोरात पाहत असलं किंवा बोलत असलं की तो तसा लुकलुकतो.

एक वाजून एकतीस मिनिटं झाली. ललितचा फोन आला नाही. बत्तीस. पस्तीस. आज कॉल चुकला तर उद्या दीडपर्यंत काय करायचं, हा विचारच त्यांना सहन होईना. ते दार उघडून ओट्यावर आले. फरशी चटकत होती. छज्ज्याच्या वीतभर सावलीत, दाराकडे पाठ करून उभं राहिलं की दोन काड्या रेंज मिळायची. मोबाईलच्याच डेटावरून त्यांनी ललितला साधा कॉल लावला. तो दुसऱ्या कॉलवर व्यस्त होता. या वेळेला तो माझ्याशीच बोलतो, आणखी कुणाशी बोलतोय? नाना खरंच दुखावले. त्यांनी पुन्हा लावला.

"नाना?" ललितचा आवाज गोंधळलेला होता. "तुम्ही दोन दोन कॉल कसाले लाई ऱ्हायनात?"

"दोन कोठला? हाऊ एकच शे. वायफाय बंद पडनं, म्हनीसन भायेर उनू."

पलीकडे ललितची खुर्ची सरकली.

"मंग टॅबवर व्हिडिओ चालू शे तो... घरमाथून... दीड वाजताच उना. 'पुष्पा' असं नाव उनं."

नानांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "तुन्या मायनं नाव तू काय म्हनीसन ठेयेल शे?"

"आई. मी 'आई' म्हनीसनच ठेयेल शे. तिना नंबर बी बंद करेल शे आपण... माले वाटनं तुम्ही आज नवीन काही तरी सेटिंग करं."

"काय दिखस त्याम्हा?"

"पहिले अंधारच व्हता. कोन्ही बोले नही. रूपा एकलीच बडबड करी ऱ्हायनी व्हती. आते... आते आपलं दार दिखी ऱ्हायनं. उघडं शे. भायेर ऊन. नाना... तुम्ही ओटावर उभा शेतस का?"

"हा."

"दारकडे पाठ करीसन?"

नानांनी मान हलवली.

"माले तुमनी पाठ दिखी ऱ्हायनी, नाना," ललित अगदी हळू म्हणाला. "पाठ... मोठी व्हई ऱ्हायनी."

नानांच्या मानेवर गार हवा आली. त्या उन्हात, त्या वेळी, ओल्या मातीच्या वासाची गार हवा. वळून बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की ही ती असेल तर ती बोलेल. ती कधी गप्प उभी राहिली नव्हती. त्यांनी वाट पाहिली. मागे काहीतरी श्वास न घेता उभं होतं आणि त्याला त्यांच्याशी काही बोलायचं नव्हतं.

मग दार लोटलं गेलं, हळूच, पाहुणा आत आल्यावर लोटतात तसं. आतून कडी लागली.

तेव्हा नाना वळले. दारावर हात मारला, खिडकीच्या काचेला डोळे लावले. आत कूलर चालू होता आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. बाकी त्यांना काहीच दिसलं नाही.

"ललित," ते फोनमध्ये म्हणाले, "तो टॅब बंद कर. आतेच बंद कर. रूपाले दूर ले."

"मी दुसऱ्या खोलीत आलोय, नाना." ललित घाईत प्रमाण मराठीवर आला होता. "टॅब तिच्यापाशीच आहे. थांबा..."

त्याच्या पावलांचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. आणि त्याच्याही पलीकडून, लांबून पण अगदी स्पष्ट, न तुटता, एक अक्षरही न गाळता, रूपाचा आवाज आला. कुणीतरी तिला काहीतरी विचारलं होतं, आणि ती शाळेत शिकवल्याप्रमाणे ठासून उत्तर देत होती.

"माझं नाव रूपा ललित पाटील. आईचं नाव ज्योती. बाबांचं नाव..."